‘चार घरांनी लस नाकारली तर काय बिघडतं?’

देशात बहुतेकांनी लस घेतली की उरलेले आपोआप सुरक्षित, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो धोकादायक आहे. नकार देणारी घरं देशभर विखुरलेली नसतात. शंका शेजारी, नातेवाईक, शाळेच्या फाटकाशी थांबलेले पालक यांच्यातून पसरते, आणि गोवरही त्याच वाटेने जातो.

ब्रिटनमधल्या वेल्सचं स्वान्सी शहर बघा. 1997 मध्ये तिथल्या एका दैनिकाने गोवर-गालगुंड-रुबेला लशीविरुद्ध मोहीम चालवली. 1998 मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांच्या शोधनिबंधाने लशीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझम) जोडला. तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये तो रद्द केला, पण नुकसान होऊन गेलं होतं: त्या दैनिकाच्या टापूत लसीकरण उरलेल्या वेल्सपेक्षा कितीतरी जास्त घसरलं होतं. लशीविना राहिलेली ती मुलं मोठी झाली आणि 2012-13 मध्ये सुमारे 1,200 जणांना गोवर झाल्याची नोंद झाली. एका तरुणाचा जीव गेला.

मग वारं फिरलं. साथ डोळ्यांसमोर आल्यावर पालक मुलांना घेऊन लशीच्या रांगेत उभे राहिले. साथीने मत बदललं खरं, पण फार उशिरा. गोवर रोखायला सुमारे 95 टक्के लोकांना संरक्षण लागतं, आणि ते प्रत्येक वस्तीत, प्रत्येक शाळेत. राज्याच्या सरासरीत चार घरं दिसतही नाहीत. एकाच गल्लीत ती साथीला पुरेशी ठरतात.