ग्रीनलँडचा राखणदार: मागच्या शंभर वर्षांत काय काय झालं

११ जून २०२५ ला डेन्मार्कच्या संसदेत मतदान झालं, ९४ विरुद्ध ११. विषय होता अमेरिकन सैन्याला खुद्द डेन्मार्कमधल्या कारूप, स्क्रूडस्ट्रुप आणि आलबोर्ग या तीन हवाईतळांवर राहू द्यायचं, त्यांचं सामान तिथे साठवू द्यायचं, आणि त्यांच्यातल्या कोणी गुन्हा केलाच तर खटला चालवायचा पहिला हक्क अमेरिकेला द्यायचा. आता गंमत बघा, त्याच वर्षी जानेवारीत ट्रम्प पत्रकारांसमोर म्हणाले होते की डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलँड बेटासाठी लष्करी किंवा आर्थिक बळ वापरणार नाही अशी गॅरंटी मी देणार नाही. म्हणजे ज्याचा घरावर डोळा आहे त्यालाच ओसरीवर अंथरूण घालून द्यायचं. करार २०२३ च्या डिसेंबरमध्ये, बायडनच्या काळात सही झालेला होता हे खरं, पण मंजूर केला तो सगळं कळल्यावर. बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणाच वाटतो. मागचा इतिहास बघितला की मात्र कळतं, डेन्मार्कला याशिवाय दुसरी सवयच नाहीये.

सुरुवात ग्रीनलँडपासून नाही, कॅरिबियनपासून करावी लागते. तिथे डेन्मार्कची तीन छोटी बेटं होती, डॅनिश वेस्ट इंडीज. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला भीती की ही बेटं जर्मनीच्या हातात पडली तर पनामा कालव्याच्या वाटेवर शत्रू येऊन बसेल. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी डॅनिश राजदूताला जवळजवळ सरळच सुचवलं, विकली नाहीत तर तशी वेळ आल्यावर आम्हाला ताब्यात घ्यावी लागतील. डेन्मार्कने विकली, अडीच कोटी डॉलरचं सोनं घेऊन, आणि ३१ मार्च १९१७ ला तिथे अमेरिकेचा झेंडा चढला. डेन्मार्कमध्ये यावर सार्वमत झालं, बेटांवर राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. पण याच सौद्यात डेन्मार्कने एक कागद मागून घेतला. १९१६ च्या त्या कागदात लान्सिंग लिहून देतात की डेन्मार्कने आपला अंमल अख्ख्या ग्रीनलँडवर वाढवला तर अमेरिकेची हरकत नसेल. पुढे नॉर्वेने पूर्व ग्रीनलँडवर दावा केला तोही डेन्मार्कने १९३३ मध्ये हेगच्या कोर्टात उडवून लावला. तर आज मालकी ज्या कागदांवर उभी आहे त्यातला एक महत्त्वाचा कागद अमेरिकेनेच दिलाय, आणि तो मिळाला दुसरा भूभाग धाकाखाली विकून.

मग आलं ९ एप्रिल १९४०. जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या आणि काही तासांत देश पडला. वॉशिंग्टनमधले डॅनिश राजदूत हेन्रिक काउफमान यांनी ठरवलं की कोपनहेगनचं सरकार आता जर्मनांच्या मुठीत आहे, त्याचे हुकूम मी मानणार नाही. बरोबर एक वर्षाने, ९ एप्रिल १९४१ ला, या माणसाने राजाच्या नावाने पण राजाला किंवा सरकारला न विचारता अमेरिकेशी करार केला की ग्रीनलँडचं रक्षण तुम्ही करा, तळ बांधा. कोपनहेगनने त्याला बडतर्फ केलं, देशद्रोहाचा खटला भरला. युद्ध संपल्यावर हाच माणूस मंत्री झाला आणि संसदेने तोच करार मे १९४५ मध्ये मान्य केला. एका माणसाच्या सहीवर एवढा मोठा मुलूख! अर्थात त्याने सही केली नसती तरी अमेरिका आलीच असती, कारण इविट्टूटला क्रायोलाइटची खाण होती, ॲल्युमिनियम बनवायला तो लागतो आणि ॲल्युमिनियमशिवाय विमानं होत नाहीत. काउफमानने एवढंच साधलं की अमेरिका आली ती सार्वभौमत्व डेन्मार्कचंच असं लिहून देऊन आली.

फक्त त्या कराराला मुदत नव्हती. धोका टळलाय असं दोघांनाही वाटेल तेव्हा संपेल, असं कलम. डेन्मार्कला वाटलं युद्ध संपलं, आता पाहुणे जातील. डिसेंबर १९४६ मध्ये परराष्ट्रमंत्री गुस्ताव रासमुसेन अमेरिकेत असताना हे बोलणं निघालं, आणि समोरून अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी हातात ठेवलं ते बेट विकत घ्यायचं टिपण, दहा कोटी डॉलरचं सोनं. रासमुसेन हादरले. आम्ही अमेरिकेचं खूप देणं लागतो पण अख्खं ग्रीनलँड लागत नाही, अशा अर्थाचं त्यांनी नंतर अमेरिकन राजदूताला सुनावलं. तेव्हा २०१९ मध्ये ट्रम्पनी विकत घ्यायचं म्हटलं आणि सगळं जग हसलं, डेन्मार्कच्या तेव्हाच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन त्याला अॅब्सर्ड म्हणाल्या आणि ट्रम्पनी दौराच रद्द केला, तेव्हा त्यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते उघडपणे बोलणं.

विकलं नाही, पण वापरायला दिलं. २७ एप्रिल १९५१ चा संरक्षण करार आजही लागू आहे आणि बातम्या वाचताना हे डोक्यात ठेवायलाच पाहिजे. ठरलेल्या क्षेत्रांत अमेरिका तळ बांधू शकते, माणसं ठेवू शकते, विमानांची आणि जहाजांची ये-जा ठरवू शकते, भाडं शून्य, झेंडे दोघांचेही फडकणार, मुदत नाटो असेपर्यंत. सुरक्षेसाठी ग्रीनलँड हवंच असं अमेरिका म्हणते तेव्हा प्रश्न पडतो की सुरक्षेसाठी लागणारं नेमकं काय यात नाहीये? शीतयुद्धात तिथे अमेरिकेचे हजारो सैनिक होते, आज दीडशेच्या आसपास आहेत. कमी केले ते अमेरिकेने स्वतःच, डेन्मार्कने हाकललेलं नाही.

आपल्याकडे तैनाती फौज म्हटलं की ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आठवतो, दुसऱ्या बाजीरावाने २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांची फौज दारात आणून बसवली. तुलना फार ताणायची नाही, कारण डेन्मार्कने कोणाला पैसे किंवा मुलूख दिला नाही आणि कारभारही स्वतःच चालवला. पण आपलं रक्षण दुसऱ्याने करायचं आणि त्याची किंमत हळूहळू कळायची, एवढं सारखं आहे.

ही किंमत आधी कोणी दिली ते थुलेला बघायला मिळतं. ग्रीनलँडच्या वायव्य टोकाला अमेरिकेने तळ बांधला, बाजूला उम्मानाक नावाची इनुघुइट लोकांची वस्ती. पिढ्यान्पिढ्या शिकारीवर जगणारी माणसं. मे १९५३ मध्ये त्यांना थोडक्या दिवसांच्या मुदतीत उठवलं, कारण तळावर विमानविरोधी तोफा बसवायच्या होत्या. शंभरच्या वर माणसं कुत्र्यांच्या गाड्यांवर सामान लादून शंभराहून जास्त किलोमीटर उत्तरेला कानाकला गेली, तिथे घरं अजून तयार नव्हती, उन्हाळा तंबूत काढला. डेन्मार्क अनेक वर्षं म्हणत राहिला की लोक स्वखुशीने गेले. १९९९ मध्ये डॅनिश कोर्टाने मान्य केलं की हे जबरदस्तीचं विस्थापन होतं, भरपाई दिली पाच लाख क्रोनर, म्हणजे सगळ्या जमातीला मिळून, वर माणशी थोडी रक्कम. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं. अमेरिकेसाठी डेन्मार्कने स्वतःच्या नागरिकांना उठवलं, हे ग्रीनलँडमध्ये कोणी विसरलेलं नाही.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा मात्र एका पत्रात आहे. १९५७ मध्ये डेन्मार्कचं जाहीर धोरण होतं की आमच्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत. अमेरिकन राजदूत पंतप्रधान एच. सी. हान्सेन यांच्याकडे आले आणि आडवळणाने विचारलं, थुलेला आम्ही काही खास प्रकारचा दारूगोळा ठेवला तर तुम्हाला कळवायला हवं का? हान्सेननी १६ नोव्हेंबर १९५७ चं पत्र दिलं. होही नाही, नाहीही नाही, तुमच्या बोलण्यावर मला काही टिप्पणी करायची नाही, एवढंच. अमेरिकेने त्याचा अर्थ हो असा घेतला आणि तोच अपेक्षित होता. त्यानंतर थुलेला अण्वस्त्रं आली, विमानविरोधी नाइके क्षेपणास्त्रांची तर १९६५ पर्यंत होती. घरी मतदारांना वेगळं सांगायचं, मित्राला वेगळं, आणि मधल्या फटीत डोळे मिटून बसायचं. बर्फाखाली बोगदे खोदून बांधलेला कॅम्प सेंच्युरी हाही तसलाच प्रकार, डेन्मार्कला सांगितलं संशोधन केंद्र आहे, मनात होती बर्फाखाली ६०० क्षेपणास्त्रं फिरवायची योजना. बर्फ सरकतो म्हणून ती बारगळली, डेन्मार्कने अडवलं म्हणून नाही.

मग २१ जानेवारी १९६८. अमेरिकेचं बी-५२ बॉम्बफेकी विमान थुलेवर घिरट्या घालत होतं, चार हायड्रोजन बॉम्ब पोटात. कोणीतरी बसायच्या फोमच्या गाद्या हीटरच्या झरोक्याजवळ कोंबल्या होत्या, त्या पेटल्या, विमान धुराने भरलं, सात जणांपैकी सहा वाचले, विमान समुद्रावरच्या बर्फावर आदळलं. अणुस्फोट झाला नाही, पण बॉम्बमधली साधी स्फोटकं उडाली आणि प्लुटोनियम बर्फावर पसरलं. दोनच दिवसांनी डेन्मार्कमध्ये निवडणूक! अंधारात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत तो बर्फ खरवडून डब्यात भरायला डॅनिश आणि ग्रीनलँडचे कामगार लावले, त्यातले कित्येक पुढे आजारी पडल्याच्या तक्रारी करत राहिले. सरकारची लाइन काय, तर विमान इमर्जन्सीमध्ये तिकडे आलं होतं. प्रत्यक्षात अशी विमानं तिथे नेमाने फिरत होती. हान्सेनचं पत्र बाहेर आलं १९९५ मध्ये, पत्र लिहिल्यावर ३८ वर्षांनी.

यात डेन्मार्क बिचारा असंही नाही. साठ-सत्तरच्या दशकात हजारो ग्रीनलँडिक बायका-मुलींना, कित्येकींना तर न सांगता, गर्भनिरोधक तांबी बसवली गेली, त्याची जाहीर माफी २०२५ मध्ये मागितली. म्हणून अमेरिकेचे नेते जेव्हा म्हणतात डेन्मार्कने ग्रीनलँडच्या लोकांसाठी नीट काम केलं नाही, तेव्हा दुखऱ्या जागीच बोट जातं. तरी जानेवारी २०२५ च्या पोलमध्ये ८५ टक्के लोकांनी सांगितलं की अमेरिकेचा भाग व्हायचं नाही. डेन्मार्क नको म्हणजे अमेरिका हवी असं नसतं हे वॉशिंग्टनला का कळत नाही कोण जाणे.

डॅनिश लोकांना जास्त लागलं ते दुसरंच. अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स म्हणाले डेन्मार्क चांगला मित्र नाही. अफगाणिस्तानात डेन्मार्कचे ४३ सैनिक मृत्युमुखी पडले, लोकसंख्येच्या मानाने हा आकडा खूप मोठा आहे. अमेरिका बोलावेल तिथे जायचं म्हणजे अडचणीत ती आपल्यासाठी येईल, असा तो हिशोब होता.

आणि शस्त्रं? २०१६ मध्ये २७ एफ-३५ ही अमेरिकन लढाऊ विमानं घ्यायचं ठरलं. मार्च २०२५ मध्ये संसदेच्या संरक्षण समितीचे अध्यक्ष रास्मुस यार्लोव यांनी उघड म्हटलं की या निर्णयाचा पस्तावा होतोय, कारण सुटे भाग आणि सॉफ्टवेअर अमेरिकेच्या हातात, त्यांनी नळ बंद केला तर विमानं जमिनीवर. सप्टेंबरमध्ये हवाई संरक्षणासाठी अमेरिकेची पॅट्रियट न घेता फ्रेंच-इटालियन सिस्टिम निवडली. वाटलं की चला, शिकले. ऑक्टोबरमध्ये आणखी १६ एफ-३५ घ्यायचं जाहीर केलं! सगळं वैमानिक प्रशिक्षण, हँगर, दारूगोळा त्या एका विमानाभोवती उभं केल्यावर मधेच बदलता येत नाही, हे कारण खरं आहे, पण दिसायला विचित्रच. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्याच लष्करी गुप्तचर खात्याने वार्षिक अहवालात लिहिलं की अमेरिका आता मित्रांविरुद्धही लष्करी बळाची शक्यता नाकारत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये प्रकरण टॅरिफच्या धमकीपर्यंत गेलं आणि दावोसला ट्रम्पनी बळ वापरणार नाही म्हटल्यावर जरा निवळलं. त्याच दिवसांत डॅनिश सैन्यासाठीचा १९५२ चा एक जुना आदेश चर्चेत आला, हल्ला झाला तर वरून हुकूम यायची वाट न बघता लढायला लागायचं. एप्रिल १९४० च्या गोंधळावरून केलेला, आणि संरक्षण मंत्रालयाने सांगितलं की तो अजून लागू आहे, ग्रीनलँडलाही. दावोसच्या आधी, १४ जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये व्हान्स आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रुबियो यांच्यासोबत बैठक झाली, त्यात डॅनिश परराष्ट्रमंत्र्यांच्या शेजारी ग्रीनलँडच्या परराष्ट्रमंत्री विव्हियन मोत्झफेल्ट स्वतः बसल्या होत्या. १९१६ ला, १९४१ ला, १९५१ ला त्या बाजूची खुर्चीच नव्हती.