तुमच्या नावाने मेल गेला: नाव वापरलं की खातं फोडलं?

‘अहो, तुमचं ईमेल हॅक झालंय बहुतेक, मला काहीतरी विचित्रच मेल आलाय तुमच्याकडून.’ असा फोन आला की बहुतेक जण घाईघाईने पासवर्ड बदलतात आणि निश्चिंत होतात. पुष्कळदा त्याची गरजच नसते, कारण खात्याला कोणी हातही लावलेला नसतो. आणि जिथे खातं खरोखर फोडलेलं असतं, तिथे नुसत्या पासवर्डने भागत नाही.

आधी नाव वापरण्याचा, म्हणजे स्पूफिंगचा प्रकार पाहू. ईमेल ज्या एसएमटीपी पद्धतीने जातो ती 1982 सालची. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोयच त्या मूळ आराखड्यात नव्हती. आंतरदेशीय पत्रावर प्रेषक म्हणून कोणाचंही नाव लिहावं, तसं ‘फ्रॉम’च्या जागी कोणाचाही पत्ता घालता येतो. बऱ्याचदा भामटे तेवढेही कष्ट घेत नाहीत. कुठल्याशा नव्या जीमेल खात्याला तुमच्या संचालकांचं किंवा प्राचार्यांचं नाव देतात आणि ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, पटकन गिफ्ट व्हाउचर घेऊन कोड पाठवा’ असं लिहितात. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं. नावावर बोट टेकवून पत्ता उघडला, की बिंग फुटतं.

याच जातीतला, पण जास्त घाबरवणारा मेल तुमच्याच पत्त्यावरून तुम्हालाच येतो. ‘तुझं खातं माझ्या ताब्यात आहे, विश्वास बसत नसेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बघ. कॅमेऱ्यातून तुझा व्हिडिओ काढलाय, बिटकॉइन पाठव.’ सोबत कधी कधी तुमचा जुना पासवर्डही असतो. तो कुठल्यातरी वेबसाइटच्या फुटलेल्या यादीतून उचललेला असतो. तो अजून कुठे वापरत असाल तर तिथला बदला. मेलला उत्तर देऊ नका आणि पैसे तर मुळीच पाठवू नका.

खातं फोडलं जातं तेव्हा मात्र मामला वेगळाच. तिथे चोर तुमच्या मेलबॉक्समध्ये येऊन बसलेला असतो आणि बहुधा लगेच काही करत नाही, वाचत राहतो. समजा, भोसरीतल्या एका कारखान्याचं पुरवठादाराशी बिलावरून बोलणं चाललंय आणि पुरवठादाराचं खातं फुटलंय. नेमक्या वेळी त्याच मेलच्या साखळीत, त्याच सहीसकट, त्याच ‘नमस्कार साहेब’ने सुरू होणारं उत्तर येतं: ‘ऑडिटमुळे आमचं बँक खातं बदललंय, या वेळचं पेमेंट नव्या खात्यात करा.’ मागचं सगळं बोलणं खालीच दिसत असतं. संशय कशाचा घ्यायचा?

आता तपासणीकडे येऊ, आणि इथेच बरेच जण फसतात. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांखालच्या ‘शो ओरिजिनल’वर गेलात, की वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा ओळी दिसतात. पाठवणारा सर्व्हर त्या डोमेनचा (म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाचा) अधिकृत आहे का, मेलवर त्या डोमेनची डिजिटल सही आहे का, आणि हे सगळं समोर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळतं का, असा त्यांचा ढोबळ अर्थ. तुमच्याच पत्त्यावरून आलेल्या त्या धमकीच्या मेलवर तिथे बहुधा ‘फेल’ किंवा ‘सॉफ्टफेल’ दिसेल. पुरवठादाराच्या फोडलेल्या खात्यातून आलेल्या मेलवर मात्र सगळीकडे ‘पास’, कारण तो खऱ्याच खात्यातून, खऱ्याच सर्व्हरवरून निघालाय. म्हणजे ‘फेल’ दिसलं तर सावध व्हायचंच, पण ‘पास’ दिसलं म्हणून पैसे पाठवायचे नाहीत. एका अक्षराच्या फरकाने घेतलेलं नकली डोमेनही स्वतःपुरतं ‘पास’च होतं. गूगल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. हे चांगलंच झालं, पण त्याने फोडलेलं खातं ओळखू येत नाही.

तुमच्या नावाने मेल गेल्याचं कळलं, तर आधी ‘सेंट’ फोल्डर आणि अनोळखी ठिकाणचं लॉगिन पाहा. सेंट रिकामं असलं तरी हुरळून जाऊ नका, चोर तिथले मेल पुसतो. मी सगळ्यात आधी फिल्टर आणि फॉरवर्डिंगच्या सेटिंगमध्ये जातो. आउटलुकमध्ये हमखास दिसणारी करामत म्हणजे ‘इनव्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल आला, की तो वाचलेला म्हणून खूण करून आरएसएस फीड्सच्या फोल्डरमध्ये टाकायचा, असा नियम. त्या फोल्डरकडे कोण फिरकतंय! असा नियम पासवर्ड बदलल्यावरही तसाच राहतो. तो काढा, रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचेच आहेत ना ते बघा, सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. मग ओळखीच्यांना फोन करून सांगा. त्याच मेलवरून कळवलंत तर त्यांनी विश्वास का ठेवावा?

नुसतं नाव वापरलं असेल, तर तुमच्या हातात फारसं काही नसतं. कंपनीचं स्वतःचं डोमेन असेल, तर ते सांभाळणाऱ्याला डीमार्क ‘रिजेक्ट’वर न्यायला सांगा, म्हणजे तपासणीत फेल झालेले मेल परस्पर नाकारायची सूचना जाते. आधी तुमचे खरे मेल तपासणीत पास होतायत ना हे मात्र त्याने पाहायला हवं, नाहीतर तुमचीच बिलं अडकतील.

आणि बँक खातं बदलल्याचा मेल आला, तर पुरवठादाराला फोन लावायचा तो तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. त्या मेलच्या सहीत दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच असतील तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि स्वतःची बँक, दोन्हीकडे लगेच फोन. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत गोठवता आले तर आले.