कागदावरचे मुलगे

१८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, मागोमाग आग लागली आणि शहराच्या जन्मनोंदी जळून गेल्या. चिनी स्थलांतराला इथूनच वेगळं वळण मिळालं.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी होती. सिएरा नेवाडा पर्वताचा ग्रॅनाइट फोडून ज्यांनी रेल्वेचे बोगदे काढले, त्यांच्याच गाववाल्यांना दार बंद! मात्र अमेरिकेत जन्मलेला चिनी माणूस नागरिकच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क खटल्यात दिला होता. नोंदी जळाल्यावर ‘माझा जन्म इथलाच’ हा दावा खोडणं अवघड झालं.

असा नागरिक चीनला जाऊन आला की मुलगा झाल्याचं अधिकाऱ्यांना सांगे. नागरिकाच्या मुलालाही नागरिकत्व मिळे. मुलगा झालाच नसेल, तरी कागदावर एक जागा तयार होई. ती पुतण्या-भाच्याला दिली जाई, नाहीतर दलालामार्फत विकली जाई. घेणाऱ्याला नव्या घराण्याची माहिती वहीतून पाठ करावी लागे; बंदर येण्याआधी वही समुद्रात.

१९१० पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर, म्हणजे स्थलांतरितांच्या तपासणी ठाण्यावर, आधी शौचाची तपासणी होई, हुकवर्म या आतड्यातल्या जंतासाठी. मग निरीक्षक, दुभाषी आणि लघुलेखकासमोर उलटतपासणी. घराला पायऱ्या किती? तांदळाची कणगी कुठे? तिसऱ्या घरात कोण राहतं? तेच प्रश्न बापाला स्वतंत्रपणे विचारत. उत्तरं जुळली नाहीत की परत पाठवणी, किंवा अपील करून महिनोन्‌महिने कोंडून राहणं. यात सख्खा मुलगाही अडके. बापाने घर सोडल्यावर कणगी हलवलेली असे, आणि रोजच्या पायऱ्या मोजतो कोण? नातं तपासायची ही रीत मुळातच चुकीची होती.

जपान्यांची गोष्ट निराळी, कारण पाठीशी बलवान सरकार होतं. १९०७-०८ च्या समझोत्यानुसार जपानने स्वतःच मजुरांचे पासपोर्ट थांबवले, पण अमेरिकेत आधीच असलेल्यांच्या बायकांना जाता येई. म्हणून फोटो पाहून लग्नं ठरत. वधूचं नाव नवऱ्याच्या कुटुंबनोंदीत चढलं की लग्न कायदेशीर, आणि बेटावरची सुटका लवकर. १९२० मध्ये अशा वधूंचे पासपोर्टही बंद झाले. १९२४ च्या कायद्याने जपान्यांनाही दार लागलं.

चिन्यांवरची बंदी १९४३ मध्ये उठली, तीही वर्षाला १०५ जणांपुरती. १९५६ पासून सरकारने खोट्या नात्यांच्या कबुलीची योजना राबवली. पण एकाने तोंड उघडलं की त्याच कागदावर आलेले भाऊ, बाप, मुलं सगळेच उघडे पडत. त्यामुळे अनेकांनी विकत घेतलेलं आडनावच पुढे चालवलं.