भुलीचा वायू आणि धुंदी

1799 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या न्यूमॅटिक इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही हा विशीतला तरुण नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, हुंगून पाहत होता. वायूंनी रोग बरे होतात का, हे तपासायचं काम त्याच्याकडे होतं. वायू छातीत भरताच अंग हलकं व्हायचं, हसू आवरत नसे. मग तो प्रयोगाव्यतिरिक्तही, एकट्याने, वारंवार हुंगू लागला. या वायूने वेदना थांबते, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होईल, असं त्याने 1800 साली लिहूनही ठेवलं. ते कुणी मनावर घेतलं नाही. पुढची चार दशकं हा वायू करमणुकीच्या खेळांतच फिरला. त्या काळात चाकूखाली किती माणसं शुद्धीवर राहून किंचाळली असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

1844 मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या अशाच एका खेळात पायाला जखम होऊनही एका माणसाला काही जाणवलं नाही. हे दंतवैद्य होरेस वेल्सने हेरलं आणि दुसऱ्याच दिवशी वायू घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली. पुढे तोच वेल्स क्लोरोफॉर्मच्या आहारी गेला. त्या अमलात त्याने रस्त्यावरच्या स्त्रियांवर आम्ल फेकलं. 1848 मध्ये तुरुंगात त्याने आयुष्य संपवलं.

धुंदी आणि भूल यांचा उगम एकच आहे. फरक पडतो तो मात्रेने. सेव्होफ्लुरेनसारखी भुलीची औषधं मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. नायट्रस ऑक्साइड मुख्यतः ‘एनएमडीए’ नावाचे ग्राही, म्हणजे मेंदूतल्या पेशींवरचे रासायनिक संदेश घेणारे भाग, अडवतो आणि शरीरातली अफूसदृश रसायनंही मोकळी करतो. शिवाय नेहमीच्या हवेच्या दाबाला तो एकटा पूर्ण भूल देऊच शकत नाही. त्यामुळे शुद्ध आणि बेशुद्धी यांच्यामधला धुंदीचा पट्टा त्याच्या बाबतीत फार रुंद आहे. परिणाम काही सेकंदांत चढतो, काही मिनिटांत उतरतो. भूलतज्ज्ञाला हा गुण हवाच असतो. नशा करणाऱ्याला मात्र तो पुन्हा पुन्हा वायू भरलेला फुगा तोंडाला लावायला लावतो.

मनावरचा हा परिणाम उपचारासाठीही तपासला जातोय. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर नायट्रस ऑक्साइडच्या छोट्या चाचण्यांत काही रुग्णांना आराम पडला. तिथे प्राणवायू सोबत असतो आणि डॉक्टर शेजारी. फुग्यातून शुद्ध वायू घेणाऱ्याला प्राणवायूच मिळत नाही. बंद जागेत असे मृत्यू झाले आहेत.

हळूहळू होणारं नुकसान मला जास्त भीतीदायक वाटतं, कारण ते हसण्यामागे दडतं. हा वायू बी-12 जीवनसत्त्वातल्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करतो आणि ते जीवनसत्त्व निकामी होतं. मग तारेवरचं प्लॅस्टिक सोलावं तसं मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होत जातं. पायांना मुंग्या येतात, तोल जातो, चालणं अडखळतं. बी-12 आधीच कमी असलेल्याला तर एका शस्त्रक्रियेतल्या भुलीनंतरही असा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

रक्ततपासणीत बी-12 पुरेसं दिसलं, तरी निश्चिंत होऊ नये: जीवनसत्त्व असतं, पण काम करत नाही. म्हणून बी-12 काम करेनासं झालं की रक्तात वाढणारी होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलॉनिक आम्ल ही रसायनंही तपासतात. मुंग्या येत असतील तर वायू घेतल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. वायू चालू ठेवून नुसत्या बी-12च्या गोळ्यांवर विसंबणं धोक्याचं आहे. वायू लवकर थांबवून इंजेक्शनं घेतली, तर बरेच जण सुधारतात. उशीर झाला तर काहींच्या पायांतली कमजोरी कायमची राहते.