फ्री थ्रो मारायचा कोणी? एका नियमाची पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या शालेय बास्केटबॉल सामन्यांत फ्री थ्रोवरून, म्हणजे फाऊलनंतर ठरलेल्या रेषेवरून कोणी न अडवता मारायच्या थ्रोवरून, वाद पेटतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. फाऊल होतो एकावर आणि रेषेकडे निघतो ज्याचा हात बसलेला आहे तो. पंच त्याला मागे पाठवतात आणि बाकावरून ओरडा सुरू होतो.

१८९१ मध्ये खेळ सुरू झाला तेव्हा फ्री थ्रो नव्हताच. एका संघाने लागोपाठ तीन फाऊल केले की समोरच्यांना गोल मिळे. पुढे काही वर्षांत २० फुटांवरून थ्रो आला, मग तो १५ फुटांवर आणला आणि त्याला १ गुण ठरला. पण मारणारा कोण, हे संघावर सोडलेलं होतं. त्यामुळे एकच पटाईत गडी सगळ्यांचे थ्रो मारत असे. १९२३-२४ च्या हंगामापासून अमेरिकेत हे बंद झालं. ज्याच्यावर फाऊल, त्यानेच मारायचा.

हा निर्णय काहींना आजही खटकतो. कच्च्या नेमबाजाला हेरून मुद्दाम फाऊल करण्याची वाट त्यानेच मोकळी झाली, हे खरंच आहे. तरीही निर्णय योग्यच होता. आपल्याकडे तालुक्याच्या संघात रिंगखालच्या उंच पोराला सगळ्यात जास्त मार बसतो आणि सरावात रेषेवर तोच सगळ्यात कमी उभा राहतो. नियम नसता तर त्याला कोणी थ्रो शिकवलाच नसता. घोळ होतो तो अपवादांमुळे. जखमी खेळाडू बाहेर गेला तर त्याचा बदली मारतो, आणि टेक्निकल फाऊलला (अंगाला न भिडता केलेल्या गैरवर्तनाच्या फाऊलला) प्रशिक्षक कोणालाही पाठवू शकतो. ते एकदा पाहिलं की पोरांना वाटतं, नेहमीच चालतं.

२००० पासून आंतरराष्ट्रीय नियमांत १०-१० मिनिटांचे चार क्वार्टर आले. क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून, समोरचा बास्केट मारत नसला तरी, त्याला दोन थ्रो मिळू लागले. चेंडू ज्यांच्या ताब्यात त्यांनीच फाऊल केला तर मात्र नाही. आता मारणाऱ्याला पाच सेकंद मिळतात.

आपल्या मातीच्या मैदानांवर आणखी एक चूक सर्रास दिसते. फ्री थ्रोच्या रेषेचं ४.६० मीटर हे अंतर बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून धरायचं असतं. खांबाच्या बुंध्यापासून टेप लावला की रेषा बोर्डाच्या फार जवळ येते, आणि तिथे सराव केलेल्या पोरांचे थ्रो शहरातल्या पक्क्या कोर्टवर रिंगच्या अलीकडे पडतात. फक्की मारण्याआधी बोर्डावरून ओळंबा सोडावा आणि तिथून मोजावं.