सेल्फच्या वायरिंगमध्ये डायोड कुठून आला?

गोव्यातल्या रायबंदर–चोडण फेरीबोटीत मोटरसायकल घसरू नये म्हणून अनेकजण ती गिअरमध्येच ठेवतात. उतरताना क्लच दाबून सेल्फ मारायचा. त्या वेळी न्यूट्रलचा हिरवा दिवा पेटता कामा नये; पेटला आणि त्यावर विसंबून क्लच सोडला, तर गाडी पुढच्या स्कूटरवर. हा दिवा विझलेला ठेवतो तो डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा बारीक भाग.

अमेरिकन इंजिनिअर चार्ल्स केटरिंगचा सेल्फ 1912च्या कॅडिलॅक मोटारींत बसला, तेव्हा डायोडची गरजच नव्हती. पुढे रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) आला आणि बारीक बटणाने मोटरचा जाड करंट सोडता येऊ लागला. 1969च्या होंडा सीबी 750लाही सेल्फ होता. आपल्याकडे 1984च्या कायनेटिक होंडाने बटणाची सवय लावली, पण ती बिनगिअरची; न्यूट्रलची भानगडच नाही.

भानगड गिअरच्या गाडीत. गाडी गिअरमध्ये असताना नुसत्या बटणाने उडी मारू नये म्हणून रिलेच्या कॉइलला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीचं कनेक्शन) दोनच वाटांनी द्यायचा ठरला: न्यूट्रल स्विच किंवा क्लच स्विच. न्यूट्रल स्विच आधीच दिव्याला अर्थ देत होता. दिव्याची आणि रिलेची वायर सरळ एकत्र जोडली, तर क्लच दाबताच दिव्याचा करंट क्लच स्विचमधून अर्थला जातो आणि दिवा खोटा पेटतो. म्हणून मध्ये डायोड: त्याच्यावरच्या पट्टीची बाजू न्यूट्रल स्विचकडे, दुसरी रिलेकडे.

डायोड ओपन झाला (आतून तुटला) की न्यूट्रलचा दिवा लागतो, पण क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही. दिवाही लागत नसेल तर आधी न्यूट्रल स्विच बघा. पावसाळ्यात, खाऱ्या हवेत तिथली टर्मिनलं हिरवी पडतात. डायोड शॉर्ट झाला (दोन्ही दिशांनी करंट सोडू लागला), तर गिअरमध्ये क्लच दाबताच दिवा लागतो. तपासताना डायोड काढून मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवा: एका बाजूने 0.5 ते 0.7 व्होल्ट, उलट बाजूने काहीच नाही.

बदलताना रेडिओ दुरुस्तीतला 1 अँपिअरचा डायोड ठोकू नये. कॉइल 4 ओहमची असेल तर 12 व्होल्टवर 3 अँपिअर ओढते, तो जळणारच. 6 अँपिअरचा घ्या. दोन्ही दोष एकदम दिसले, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लचशिवाय सेल्फ नाही आणि गिअरमध्ये क्लच दाबला की दिवा, तर बहुधा कुणीतरी डायोड उलटा बसवलेला असतो.