पीईडी व्हायरस (डुकराच्या पिल्लांची हगवण)

पीईडी (पोर्साइन एपिडेमिक डायरिया) हा डुकरांच्या आतड्यातला कोरोनाव्हायरस, कोविडवाल्याचा लांबचा भाऊबंद, पण माणसाला त्याची लागण होत नाही. आठवड्याच्या आतलं पिल्लू असेल तर पाण्यासारखे पिवळे जुलाब, उलट्या, आणि तीन-चार दिवसांत अंगातलं पाणी संपून मरतं, कधीकधी अख्खं वेतच जातं. मोठं डुक्कर मात्र आठवडाभर ढाळ लागून परत उभं राहतं.

हा फरक आतड्यात दिसतो. लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात, व्हायरस त्यांच्याच पेशी मारतो आणि ते खुरटतात, मग प्यायलेलं दूध न पचता तसंच बाहेर. मोठ्या जनावरात नव्या पेशी दोन-तीन दिवसांत येतात, नवजात पिल्लाला पाच-सात लागतात आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो. तपासायला मेलेलं पिल्लू आणून फारसा उपयोग नाही बरं का, आतडं काही मिनिटांतच खराब व्हायला लागतं, नुकतंच आजारी पडलेलं जिवंत पिल्लूच लागतं. नुसती विष्ठा बघून तर काहीच कळत नाही, रोटाव्हायरस आणि टीजीई (डुकरांचा असाच दुसरा कोरोनाव्हायरस) यांची हगवणही अशीच दिसते, म्हणून पीसीआर, म्हणजे व्हायरसची जनुकं शोधणारी चाचणी.

१९७१ला इंग्लंडमध्ये डुकरांना ढाळ लागले, टीजीई तेव्हा माहीत होता (अमेरिका, १९४६) पण हा तो नव्हता. १९७८ला बेल्जियममध्ये पेन्सार्ट आणि डी बुक यांनी व्हायरस पकडला, त्या स्ट्रेनचं (व्हायरसच्या वाणाचं) नाव सीव्ही७७७. लॅबमध्ये तो वाढायलाच तयार नव्हता, १९८८ला माकडाच्या किडनीच्या व्हेरो पेशींमध्ये ट्रिप्सिन घातल्यावर जमलं, म्हणजे आतड्यात जो पाचकरस असतो तोच बाटलीत द्यावा लागला. २०१०पासून चीनमध्ये जास्त घातक स्ट्रेन पसरले, २०१३ला अमेरिकेत आला आणि वर्षभरात ७० लाखांच्या आसपास पिल्लं गेली.

या व्हायरसच्या अभ्यासातली खरी कामाची गोष्ट माझ्या मते दुधाची आहे, आणि ती आली टीजीईवरच्या कामातून. डुकरिणीच्या वारेतून पिल्लाला अँटिबॉडी मिळत नाहीत, जे काय ते चिकातून आणि दुधातून. अमेरिकेत ओहायोला बोहल, सैफ वगैरे संशोधक मंडळींनी १९७०च्या दशकात दाखवलं की डुकरिणीला नुसती लस टोचली तर दुधात मुख्यतः आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटिबॉडी) येतं, पण तिच्या आतड्याला लागण होऊन गेली असेल तर आयजीए (आतड्यासारख्या ओल्या अस्तरांवरची अँटिबॉडी) येतं आणि पिल्लाच्या आतड्यात तेच टिकतं, आणि एकदा चीक पाजून भागत नाही, दर पाजणीला ते मिळत राहावं लागतं.

म्हणून फार्मवर साथ आली की आजारी पिल्लांची आतडी बारीक दळून गाभण डुकरिणींना खाऊ घालतात, विण्याच्या काही आठवडे आधी. ऐकायला किळसवाणं आहे, पण बऱ्याचदा चालतं. भीती एवढीच की त्याच बादलीतून दुसरे रोगही सगळ्या गोठ्यात जातात.